लेखकांच्या चौकटीतलं कासव

सकाळची ड्यूटी दोनला संपली, तेव्हाच सिस्टरांनी घरी जायला हवं होतं. तीस वर्षं उभ्याने नोकरी केलेल्या बाईला दुपारी दोन वाजता घर दिसतं, घरातली खाट दिसते, आणि त्या खाटेवर पाय लांब करून पडलेलं आपलंच धूड दिसतं. पण सिस्टर ड्यूटी रूममधल्या कुरकुरणाऱ्या खुर्चीत बसून होत्या आणि समोरच्या कॉम्प्युटरवर एक पोस्टर उघडं पडलं होतं. परिषद परवावर आली होती. पाचच्या आत पोस्टर छापायला पाठवायचं होतं.

पोस्टर करायचं म्हणजे काय, तर प्रेझेंटेशनचं एक ऑनलाइन सॉफ्टवेअर उघडायचं, एकच स्लाइड घ्यायची, ती दाराएवढी मोठी करायची आणि तिच्यात सगळं कोंबायचं. ही अक्कल धाकट्या डॉक्टरांची. "एकदम सोपं आहे हो सिस्टर, चौकट ओढायची आणि लिहायचं," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना लिंक पाठवली, ज्याच्या हाती लिंक पडेल त्याला बदल करायची मुभा देऊन टाकली आणि ते ओपीडीत गडप झाले. दुसऱ्याने करायचं काम त्यांना नेहमीच सोपं वाटायचं.

मग लुडबुड सुरू झाली. एका स्लाइडवर पाच जणांचे पाच रंगांचे बाण भिरभिरायला लागले. मेट्रनबाईंना मागचा रंग जांभळा हवा होता, त्या सकाळी येऊन तो जांभळा करून जायच्या. मोठ्या डॉक्टरांना त्या जांभळ्याने मळमळायचं, ते दुपारी पांढरा करायचे. आकडेवाले म्हणून एक गृहस्थ होते, संशोधनातली आकडेमोड तपासायला नेमलेले. त्यांनी बारा ओळींचं एक कोष्टक आणून मधोमध चिकटवलं. ते कोणाला समजलं नाही, म्हणून कोणी काढलंही नाही. मध्येच कोणीतरी पानाचा आकार बदलला, तर फोटोतले सगळे पेशंट बुटके आणि रुंद झाले. सिस्टरांनी एकेकाला धरून पुन्हा माणसात आणलं. त्यात एक अख्खी दुपार गेली.

एवढ्या पसाऱ्यातली खरी गोष्ट दोन ओळींची होती. म्हाताऱ्यांच्या या वॉर्डात गेल्या वर्षी एकोणीस जण खाटेवरून उतरताना पडले होते आणि यंदा फक्त चार. आणि ते मावशींमुळे.

मावशी म्हणजे वॉर्डातली झाडलोट, चादरी, बेडपॅन बघणाऱ्या बाई. तशा मावशी वॉर्डात चौघी होत्या, पण नुसतं 'मावशी' म्हटलं की याच. खाटेच्या एका बाजूला धरायला कठडा असतो आणि दुसऱ्या बाजूला सलाइनचा स्टँड, स्टूल, वायरींचं जंजाळ. झाडताना पेशंटच्या सपाता जिकडे सरकतील तिकडेच पडून राहायच्या. मावशींच्या लक्षात आलं, की झोपेतून उठलेलं माणूस ज्या बाजूला सपाता दिसतील त्याच बाजूला पाय सोडतं. मग झाडून झालं की त्या तीस खाटांखालच्या सपाता उचलून कठड्याच्या बाजूला मांडायला लागल्या, टाचा खाटेकडे करून, म्हणजे पाय सोडला की थेट आत जावा. कोणी सांगितलं नव्हतं. वाकून वाकून त्यांची कंबर धरायची, तरी दिवसातून तीनदा करायच्या.

पडझडीच्या रजिस्टरमध्ये महिनाभर एकही नोंद झाली नाही, तेव्हा सिस्टरांचं लक्ष गेलं. त्यांनी मावशींना विचारलं, मग धाकट्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मोठ्या डॉक्टरांना, आणि असं करत करत त्या गोष्टीचं 'वृद्ध रुग्णांच्या पादत्राणांची स्थाननिश्चिती व पतनप्रमाण : एक अभ्यास' होऊन बसलं. ते नाव सिस्टरांनी वाचून दाखवलं, तेव्हा मावशींनी विचारलं, "म्हणजे सपाताच ना?"

परिषदेने पोस्टर स्वीकारल्याचं पत्र आलं त्या दिवशी सिस्टर भर वॉर्डात बोलून गेल्या, "मावशी, तुमचं नाव लागणार. सगळ्यांच्या बरोबरीने. हा माझा शब्द." मावशी हसून "कशाला सिस्टर" म्हणाल्या आणि खाटेवरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांना तो शब्द देताना फार बरं वाटलं होतं. आपण तयार केलेले तक्ते, आपण शोधलेल्या सोयी वरच्यांच्या नावावर जाताना त्यांनी तीस वर्षं पाहिल्या होत्या आणि दर वेळी गप्प बसल्या होत्या. आपलं तर काही झालं नाही, निदान या बाईचं होऊ दे, एवढीच त्यांची इच्छा होती. निवृत्तीला आठ महिने उरले होते. तेवढं एक काम धड करून जायचं होतं.

आणि तेवढंच होत नव्हतं.

काल संध्याकाळी त्यांनी लेखकांच्या चौकटीत, आपल्या नावाशेजारी, मावशींचं नाव लिहिलं. हजेरीच्या कार्डावरून बघून, पूर्ण, अगदी बिनचूक. आज सकाळी नाव गायब. त्यांनी पुन्हा लिहिलं. साडेअकराला पुन्हा गायब. पुन्हा लिहिलं. आता अडीच वाजले होते आणि चौकटीत पाचच नावं होती : मोठे डॉक्टर, धाकटे डॉक्टर, मेट्रनबाई, आकडेवाले आणि शेवटी त्या स्वतः.

कोणी काय बदललं याची यादी ते सॉफ्टवेअर ठेवतं. सिस्टरांनी चष्मा सारखा करून यादी उघडली. तिन्ही वेळा एकच नाव होतं : अनामिक कासव. आपली ओळख न देता नुसत्या लिंकवरून आत शिरणाऱ्याला सॉफ्टवेअर कुठल्यातरी प्राण्याचं नाव देतं, हे त्यांना माहीत होतं. पण कुठल्या प्राण्याच्या आड कोण बसलंय हे काही ते सांगत नाही.

त्यांनी आधी मेट्रनबाईंना फोन लावला. मेट्रनबाई म्हणाल्या, "मी कशाला काढू? मी फक्त जांभळं केलंय." आकडेवाल्यांनी कोष्टकाबद्दल काही शंका आहे का ते विचारलं. धाकटे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मी नाही काढलं, पण खरं सांगू का, राहू दे ना. सहा नावं झाली की अक्षर बारीक होतं."

"मग तुमचं काढा," सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवला. असं बोलायची त्यांची रीत नव्हती. पण पाय सुजलेले असले की माणूस रीतभात विसरतं.

त्यांनी चौथ्यांदा नाव लिहिलं आणि पहारा देत बसल्या. सव्वातीन झाले. एका पेशंटच्या मुलीला डिस्चार्जचे कागद हवे होते, ते काढून दिले. परत येऊन बघतात तर स्लाइडवर एक हिरवा बाण येऊन उभा. त्याच्या शेपटीला पाटी : अनामिक कासव. बाण हळूहळू, अंदाज घेत घेत लेखकांच्या चौकटीत गेला, नावाशी थांबला आणि नाव शेवटाकडून पुसलं जायला लागलं.

सिस्टरांच्या डोक्यात तिडीक गेली. सुचलं ते त्यांनी केलं. त्याच चौकटीत, मोठ्या डॉक्टरांच्या डिग्र्यांखाली, त्यांनी लिहिलं : कोण आहात तुम्ही?

हिरवा बाण थबकला. मग एकेक अक्षर उमटायला लागलं, मोठ्या विचाराने, मध्ये थांबून.

मी आहे, सिस्टर. नाव काढा.

इतक्यात फोन वाजला. धाकटे डॉक्टर होते. "सिस्टर, लेखकांच्या जागी हे 'कोण आहात तुम्ही' काय आलंय?" सिस्टर "बघते" म्हणाल्या आणि उठल्या. त्यांना आता आठवलं होतं. काल संध्याकाळी त्यांनी हौसेने तीच लिंक मावशींच्या फोनवर पाठवली होती, घरच्यांना नाव दाखवा म्हणून.

मावशी चादरींच्या खोलीत सापडल्या. समोर धुतलेल्या चादरींचा ढीग होता आणि हातात फोन.

"मावशी, तुम्ही? अहो, सकाळपासून मी सगळ्या जगाला शिव्या घालतेय!"

"तुम्हाला त्रास झाला. तोंडाने सांगायचा धीर होईना."

"पण का? तुमच्या हक्काचं आहे. लाजायचं काय त्यात?"

मावशींनी उठून दार लोटलं.

"ते नाव माझं नाहीये, सिस्टर."

"अहो, कार्डावरून लिहिलंय मी."

"कार्ड आमच्या ताईचं आहे." मावशींनी एक चादर मांडीवर ओढली आणि घडी घालायला घेतली. "थोरली बहीण माझी. इथेच, पलीकडच्या इमारतीत कामाला होती. आजारी पडली, तेव्हा म्हणाली, चार दिवस माझं कार्ड लावून तू जा, नाहीतर ठेकेदार दुसरी बाई घेईल. तोंडवळा आमचा सारखाच. मग चार दिवसांचा महिना झाला, महिन्याचे सहा झाले आणि ताईच गेली. तिची दोन पोरं, माझी दोन. कार्ड परत केलं असतं तर नोकरीही परत करावी लागली असती. नाही केलं. अकरा वर्षं झाली."

सिस्टर चादरींच्या ढिगावरच बसल्या. मावशींना भात चालत नाही, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, जत्रेतला पाळणा बघितला तरी चक्कर येते, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. नाव कधी विचारलंच नव्हतं. मावशी म्हटलं की भागत होतं.

"पगाराला तिच्या नावाने सही करते," मावशी म्हणाल्या. "पहिल्या वर्षी हात कापायचा. आता माझ्या नावाची सही कर म्हटलं तर आठवावी लागेल. आणि तिचं नाव भिंतीवर लागलं, परिषदेत लागलं, तर तिच्या मातीला आलेली माणसं आहेत की आसपास. कोणीतरी म्हणेलच, ही बाई तर गेली ना?"

"मग तुमचं खरं नाव लिहू."

"आणि ठेकेदार म्हणाला, या नावाची बाई आमच्याकडे नाहीच?"

"नुसतं मावशी लिहिलं तर?"

"मग विचारतील, कोण मावशी, बोलवा त्यांना, फोटो काढू." मावशी हसल्या. "हौशी असतात ना हो मोठी माणसं."

सिस्टरांना काहीतरी तोडगा काढायचा होता. तीस वर्षं त्यांनी तोडगेच काढले होते. पण आज डोकं चालेना, आणि खरं म्हणजे तोडगा नव्हताच.

"मी शब्द दिला होता," त्या म्हणाल्या. तक्रार केल्यासारखा आवाज निघाला, त्याची त्यांना लाज वाटली.

"दिला होतात. थोडे दिवस फार बरं वाटलं, सिस्टर. खोटं कशाला बोलू." मावशींनी चादरीची शेवटची घडी घातली. "चला, पुसून टाका ते. पाच वाजतील."

दोघी ड्यूटी रूममध्ये आल्या तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. सिस्टरांनी प्रश्न पुसला, उत्तर पुसलं, नावाची उरलेली अक्षरं पुसली. त्यांच्या स्वतःच्या नावापुढचा स्वल्पविराम तेवढा राहिला आणि त्याच्यापुढे रेघ लुकलुकत राहिली. स्वल्पविरामही पुसायचा होता, पण बोट खाली जाईना.

"मावशी," त्या म्हणाल्या, "तुमचं नाव काय हो?"

मावशींनी दाराकडे बघितलं. मग जवळ येऊन, वाकून, कानात सांगितलं. छोटंसं नाव होतं. सिस्टरांनी ते स्वल्पविरामापुढे लिहिलं.

"पुढे काय लावू? आडनाव?"

"काही नको. एवढंच."

डॉक्टरांच्या डिग्र्या, मेट्रनबाईंचं पद, या सगळ्यांच्या शेवटी ते नाव एकटंच, बिनडिग्रीचं बसलं. मावशींनी खिशातून चष्मा काढून लावला. सिस्टरांनी स्लाइड मोठी करत नेली, इतकी की बाकीची सगळी माणसं कडेने बाहेर गेली आणि ते एकच नाव पडद्यावर उरलं. मावशी ओठ हलवत ते वाचत होत्या. एकदा वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा वाचलं.

"छापल्यावर असं दिसतं होय," त्या म्हणाल्या.

सिस्टरांनी मान हलवली.

बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. चाकांचा आवाज थांबेपर्यंत मावशी तशाच उभ्या होत्या.

"इथे पुसायचं बटण कुठलं?"

सिस्टरांनी बोट दाखवलं. मावशींनी हात कपड्यांना पुसून कोरडा करून घेतला आणि आपलं नाव शेवटच्या अक्षरापासून एकेक करत पुसलं. मग स्वल्पविरामही पुसला.

"पाठवा आता," त्या म्हणाल्या.