अन्सेल्मोची जीभ

"तीनशे अठरा," निदिया सिस्टरने अन्सेल्मोच्या रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा पुन्हा पाहिला. "कोमाद्रे, खरं सांगा. घरात साखर येते ना अजून?"

"साखर?" एदेल्मिरा खुर्चीवरून अर्धी उठली. "महिना झाला, साखरेचा डबा घासून त्यात मीठ भरलंय मी. दाणा नाही घरात, देवाशपथ."

"मग तुमचा नवरा दिवसभर पितो काय?"

"गुळाचं पाणी. उठल्यावर एक मग, मक्याच्या भाकरीबरोबर एक, चुलवाणाशी दोन-तीन. उलट मीच जरा वाढवलंय. साखर सुटली म्हटल्यावर अंगात जोर कुठून यायचा माणसाच्या?"

निदियाने कपाळाला हात लावला. तिच्या थोरल्या पोरीचा बाप्तिस्मा एदेल्मिराच्या मांडीवर झाला होता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, आणि म्हणूनच तिला ओरडताही येईना. सुआरेस नदीच्या या खोऱ्यात साखर म्हणजे कारखान्यातलं पांढरं विष आणि गूळ म्हणजे आईचं दूध. ताप आला, गुळाचं पाणी. बाळंतीण उठली, गुळाचं पाणी. निदिया स्वतः त्यावरच वाढलेली.

"गूळ म्हणजेही साखरच, कोमाद्रे. तपकिरी झगा घातलेली."

एदेल्मिरा मटकन खाली बसली. महिनाभर तिनं नवऱ्याला आपल्या हातानं आगीतून काढून फुफाट्यात ढकललं होतं, तेही लिंबू पिळून, प्रेमानं.

अन्सेल्मो खुर्चीतून पुढे वाकला. त्यानं उघड्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सिस्टर, हे बाहेर बोलू नका. मी गुळव्या आहे."

एकतीस वर्षं तो बेलार्मिनो मालकाच्या गुऱ्हाळात काहिलीपाशी उभा होता. रस उकळायला लागला की पळीभर गार करून चाखायचा, आणि त्या चवीवर किती चुना टाकायचा ते ठरवायचं. चुना कमी पडला तर गूळ धरत नाही, जास्त झाला तर काळा पडतो. दिवसाकाठी पंधरा-वीस काहिली उतरायच्या, म्हणजे तितक्या पळ्या पोटात जायच्या.

"थेंबभर चाखलं तर?" त्यानं विचारलं.

"थेंबानं काही होत नाही. थेंबावर थांबाल?"

थापा मारणं अन्सेल्मोला जमत नसे. "नाही थांबणार," तो म्हणाला.

मालकाला सांगावंच लागलं. बेलार्मिनो वाईट माणूस नव्हता, पण गुऱ्हाळ त्याचं होतं. "पुढच्या रविवारी जत्रेतली गुळाची शर्यत आहे," तो म्हणाला. "तिथं तू स्वतः न चाखता गूळ चांगला उतरवलास, तर चुलवाण तुझंच राहील. नाहीतर मला दुसऱ्या गुऱ्हाळातल्या तिबुर्सियोला बोलवावं लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

घरी येताना एदेल्मिरा पुलावर थांबलीच.

"मी चाखते," ती म्हणाली.

"तू?"

"का, मला जीभ नाही? गावभर तर म्हणत फिरता, बायकोला जीभ फार आहे."

अन्सेल्मो महिन्याभरात पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाली. एदेल्मिरा गुऱ्हाळातल्या माणसांचा स्वयंपाक करायची. भाकऱ्या उरकल्या की ती पदर खोचल्यासारखा एप्रन आवळून काहिलीपाशी यायची. नवऱ्याचा हात आपोआप तोंडाकडे जातो हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं आधी त्याच्या तोंडावर लाल रुमाल बांधला. मग पळी चाखली.

"गोड आहे."

"गोड आहे हे गाढवालाही कळतं. गोडाच्या मागून काय येतंय?"

"मागून..." तिनं डोळे मिटले. "दात आंबल्यासारखे होतायत."

"हं. चुना कमी पडलाय. आता?"

"आता साबणासारखं लागतंय."

"जास्त झाला. ओतून दे, पुन्हा घे."

तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. एकतीस वर्षं ज्या वाफेत राहिली, तिच्यात इतकं काही दडलंय हे तिला माहीतच नव्हतं. रात्री झोपेतसुद्धा तिची जीभ टाळूवर फिरायची. पहाटे ती नवऱ्याला उठवून उसाच्या कडेकडेनं चालवायची, मग कडू कॉफी, मग गोळ्या, अंडं आणि एकच छोटी भाकरी. आकडा दोनशे चाळीसवर आला, मग एकशे नव्वदवर. आपला संघ जिंकल्यासारखी ती तो आकडा दिसेल त्याला सांगत सुटली. लपवायचं कधीच मागे पडलं होतं.

रविवारी चौकात पाच काहिली मांडल्या होत्या. बँड वाजत होता, आकाशात दारूकाम फुटत होतं, आणि अन्सेल्मोचा रुमाल पाहून पलीकडच्या चुलवाणावरून तिबुर्सियो ओरडला, "काय रे, बायकोनं तोंड बांधलं वाटतं?"

"बांधलं," अन्सेल्मो म्हणाला. "तुझी बांधत नाही म्हणून आम्हाला तुझं ऐकावं लागतं."

लोक खो खो हसले. एदेल्मिरा मात्र काहिलीवर डोळे रोखून होती. रस चढला, मळी वर आली, अन्सेल्मोनं ती झाऱ्यानं काढून टाकली, चुना घातला आणि पळी तिच्यापुढे धरली.

तिनं चाखली. पुन्हा चाखली. "आंबट आहे अजून."

"रंग बरोबर आहे. फेस बघ, पिवळाधमक."

"रंग काही का सांगेना. दात आंबले माझे."

"अजून टाकला आणि काळा पडला तर?"

त्याचा हात रुमालाच्या गाठीकडे गेला. पळीत घोटभर रस उरला होता. चौकातल्या सगळ्यांना ते दिसत होतं, मालकालाही. एदेल्मिरानं हात धरला नाही.

"सोडा हवं तर," ती हळूच म्हणाली. "तुमची जीभ, तुमचा जीव. पण मग आठ दिवस मला कशाला शिकवलंत?"

काहील खदखदत होती. अन्सेल्मोनं एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच हातानं चुन्याची अर्धी वाटी उचलून काहिलीत ओतली.

पुढचं काम बोटांचं होतं आणि बोटं त्याची स्वतःची होती. गार पाण्यात बोटं बुडवून त्यानं उकळत्या पाकातून चिमूट उचलली, पुन्हा पाण्यात घातली आणि कानाशी नेऊन मोडली. कट्कन आवाज आला. "उतरवा," तो म्हणाला. पाक ओतला, घोटला, साच्यांत भरला.

पाच ढेपा टेबलावर मांडल्या गेल्या. परीक्षकांनी त्या ठोकल्या, फोडल्या, उन्हात धरून पाहिल्या, चाखल्या आणि आपसात पुष्कळ वाद घातला. शेवटी अन्सेल्मोची ढेप उचलून वर धरली. बँडवाल्यांनी चाल सोडून नुसताच गोंगाट केला. तिबुर्सियोनंच पुढे होऊन त्याच्या पाठीत धपका घातला, आणि बेलार्मिनो गर्दीतून ओरडला, "चुलवाण तुझं, म्हाताऱ्या. दोघांचं."

एदेल्मिरा भान हरपून टाळ्या वाजवत होती. जिंकणाऱ्यानं आपल्या ढेपेचा पहिला तुकडा सगळ्यांसमोर खायचा, असा तिथला रिवाज होता. "खा, खा, खा," चौक ओरडू लागला, तेव्हा तिच्या टाळ्या थांबल्या.

अन्सेल्मोनं रुमाल सोडला. ढेपेचा कोपरा तोडला. तो तुकडा त्यानं नाकाशी धरला आणि डोळे मिटून इतका वेळ वास घेतला की ओरडणारे हळूहळू गप्प झाले. मग वळून त्यानं तो एदेल्मिराच्या तोंडात घातला.

"कसा झालाय?" त्यानं विचारलं.

एकतीस वर्षांत तयार गुळाबद्दल हा प्रश्न त्यानं कुणालाच विचारला नव्हता. गूळ कसा झाला हे तो सांगायचा, बाकीचे ऐकायचे. एदेल्मिरानं बोलायला तोंड उघडलं, पण आठ दिवसांत शिकलेला एकही शब्द पुरेसा वाटेना, आणि डोळे भरून आले.

"घाई नको," अन्सेल्मो म्हणाला. "सावकाश सांग."

ती चावत राहिली. तिच्या ओठांकडे बघत त्यानं रिकामाच आवंढा गिळला.