एक इंच वजा

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी टेप आहे, सुताराच्या खिशात वाढलेली. अंगावरचा पिवळा रंग जागोजागी उडाला असला, तरी आकडे अजून ठळक दिसतात. माझ्यात एक इंच मात्र कमी आहे आणि तो नेमका पहिलाच.

एका तरुण सुताराने मला खिळ्यांच्या दुकानातून आणले. मग दारे, पलंग, शाळेची बाके, दोन-तीन पाळणे, काय काय मी मोजले! "माणूस थापा मारेल, टेप मारणार नाही," असे तो गिऱ्हाइकांना सांगायचा, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे. एकदा त्याच्या आठ वर्षांच्या मुलाने मला पुरते बाहेर ओढले आणि एकदम सोडून दिले. मी सटकन आत आले, टोक डबीवर आपटले आणि पहिला इंच तुटून पडला. सुताराने मुलाचा कान धरला, पण मला टाकले नाही. तेव्हापासून माझ्यावर जे माप येईल त्यातून एक इंच वजा करायचा, हा त्या घरचा रिवाज झाला.

पुढे सुतार थकला आणि मी खणात पडले. खूप दिवस कोणी विचारले नाही. तो मुलगा मोठा होऊन बस आगारात मेकॅनिक झाला. त्याने कर्ज काढून दोन खोल्यांचे घर घेतले आणि वडिलांना घेऊन तिथे राहायला आला. सून दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. खणासकट मीही त्या घरात आले.

मग एके दिवशी मुलगा घाईघाईने घरी आला. "वरच्या मजल्यावरचं घर किती स्वस्तात गेलं, माहितेय? आपल्याही घराची किंमत उतरली!"

सुनेचा चेहरा पडला. "आणि आपला हप्ता? तो उतरला का?"

"तो कसा उतरेल?"

मित्रांनो, मी चक्रावून गेले. घर उतरले म्हणजे नक्की काय झाले? दुसऱ्याच दिवशी मला खणातून काढून भिंतींवर लावले. मी श्वास रोखून मापे पाहिली. भिंती तसूभरही हललेल्या नव्हत्या. खिडकी होती तेवढीच होती. मग उतरले ते कुठे गेले, हे मला आजही कळलेले नाही.

घरमोजणीचे कारण वेगळेच होते. एका दलालाने मुलाला सांगितले होते, "स्वयंपाकघर चकाचक करा. गिऱ्हाईक तिथेच पाघळतं." मुलाला ते पटले. नवा ओटा, नवी कपाटे केली की पडलेली किंमत सावरेल, असे त्याचे म्हणणे होते. सुनेला साठवलेले पैसे कर्जात भरायचे होते, कारण पुढच्या वर्षी व्याजाचा दर बदलणार होता. सकाळी मुलगा ओटा मोजायचा, संध्याकाळी सून म्हणायची, "राहू दे." दुसऱ्या दिवशी तीच म्हणायची, "निदान एक कपाट करू या का?" तेव्हा हा म्हणायचा, "नको, कर्जच फेडू." महिनाभर मी नुसती आतबाहेर करत होते. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी दोघांची गत झाली होती.

एकदा सुताराने विचारले, "पण घर विकायचंय का आपल्याला?"

"नाही हो बाबा," दोघे एकदम म्हणाले, आणि पुन्हा मोजू लागले.

शेवटी एक कपाट करून बघायचे ठरले. सुनेने खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत माप घेतले. माझ्यावर एकसष्ट आले. तिने आठवणीने एक वजा करून कागदावर साठ लिहिले. मुलाने तो कागद पाहिला. बायको वजा करायला विसरली असेल, असे वाटून त्याने गुपचूप आणखी एक वजा केला. आठवड्याने कपाट आले आणि भिंतीशेजारी चमचा पडेल एवढी फट राहिली.

"तू वजा केला होतास, तर सांगायचं नाही?"

"आणि तू मला विचारायचं नाहीस?"

आवाज चढले. आतल्या खोलीतून सुतार म्हणाला, "थांबा, मी बघतो किती फट आहे ती." दोघांनी ऐकलेही नाही. कपाटाच्या फटीवरून सुरू झालेले भांडण व्याजाच्या दरापर्यंत जाऊन पोचले होते.

इतक्यात बाथरूमच्या दारातून धप्प असा आवाज आला. वाटेत सुतार तिकडे वळला होता. उंच उंबऱ्यावर पाय अडखळला आणि त्याने धरलेली टॉवेलची दांडी भिंतीतून उपटून हातात आली. तो जमिनीवर बसला होता, गुडघा खरचटला होता, आणि दांडी न्याहाळत होता. "स्क्रू आखूड लावलेत," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न करत होता, पण दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून ठेवली होती. मला फार वाईट वाटले. त्या हातांनी मला किती वर्षे सांभाळले होते!

मुलाने त्याला उठवून खुर्चीत बसवले. सून मात्र भिंतीकडेच पाहत उभी राहिली. उंबऱ्याजवळ भिंतीवर हाताच्या तळव्याएवढा काळपट डाग होता.

"दर रविवारी मी हा डाग साबणाने घासते," ती हळूच म्हणाली. "पुन्हा उमटला की चिडते. पण इथे हात टेकतं कोण, हे कधी मनातच आलं नाही. बाबा, तुम्ही रोज इथे भिंत धरून आत जाता?"

सुताराने मान खाली घातली. "तुमचं आधीच एवढं चाललं होतं. त्यात माझं काय सांगू?"

मुलाने कपाटवाल्याला फोन लावला आणि आता आणखी कपाटे नकोत असे सांगितले. उंबरा फोडून सपाट करायचा, भिंतीत पक्की दांडी बसवायची आणि उरलेले पैसे कर्जात भरायचे, हे दहा मिनिटांत ठरले. महिनाभर जे सुटत नव्हते ते असे सुटले.

मग मला आणले. जमिनीपासून त्या डागापर्यंत पस्तीस आले. दोघांनी तोंड उघडले, तोच खुर्चीतून सुतार म्हणाला, "आधी ठरवा, वजा कोण करणार!"

तिघेही हसले. सुनेने चौतीस लिहिले आणि पुढे कंसात 'वजा केला आहे' असेही लिहिले.

मित्रांनो, बाजाराचे मला काही कळत नाही. पण घर मोजायला घ्याल, तेव्हा भिंतीवर कोणाच्या हाताचा डाग आहे का, ते आधी पाहा. आणि माझ्यासारख्या टेपला बाहेर ओढलेत तर एकदम सोडू नका.

त्या दिवशी माप झाल्यावर मुलाने माझ्या पात्यावर अंगठा ठेवला आणि मला सावकाश, अगदी सावकाश आत जाऊ दिले. बत्तीस वर्षांनी का होईना, तो शिकला.