सात नंबरची गाठ

मित्रांनो, घेवड्याच्या दाण्याएवढी मी एक लसिका ग्रंथी. कसब्यातल्या हमीद कल्हईवाल्याच्या छातीत, श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथल्या बेचक्यात, साठ वर्षं बसून आहे. तुमच्याही छातीत माझ्या बहिणी आहेत. तुम्हाला ठाऊक नसेलच. माणसाला आतलं कुठं काय दिसतं!

डॉक्टरांनी आम्हाला जागेप्रमाणे नंबर दिलेत. एक नंबर गळ्याच्या हाडापाशी, दोन ते नऊ छातीच्या मधोमध, दहा ते चौदा फुफ्फुसाच्या देठापासून आतवर. मी सात. फुफ्फुसातून झिरपलेलं पाणी गाळायचं, जंतू अडवायचे, कचरा पोटात घालायचा, हे माझं काम. हमीदने गावभरची पातेली चांदीसारखी उजळली. भट्टीचा धूर मात्र बेधडक ओढला. तोंडाला फडकं बांधायची त्याला लाज! पातेल्यांचं कौतुक झालं आणि मी आतल्या आत काळी झाले.

मग खोकला हटेना. स्कॅन झाला. अहवालात लिहिलं होतं, ‘लसिका ग्रंथी ७ : वाढलेली. सुईने तपासणी करावी’. घरातल्या विद्वानांनी वाचलं, सात गाठी! शेजारचे तात्याराव कागद न बघताच म्हणाले, गाठीला सुई लावली की ती पसरते. झालं. हमीदने भाता गोणीत बांधला आणि तपासणीला जाणार नाही म्हणून भिंतीकडे तोंड केलं. मी एकटी, आणि हा माणूस सात जणींच्या नावाने मरायला निघालेला!

शेवटी बायको रझियाने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर ऋतुजांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“हमीदभाई, घर नंबर सातमध्ये सात घरं असतात का?”

“नाही.”

“मग? सात हा पत्ता आहे. गाठ एकच. आणि सुईने ती पसरत नाही, कसली आहे ते कळतं.”

“तात्यारावांना काय सांगू?” रझियाने विचारलं.

“त्यांना आमचा पत्ता सांगू नका.”

श्वासनळीत दुर्बीण उतरली, माझ्या पोटात सुई शिरली. कॅन्सर नाही, क्षय नाही. निघाली ती नुसती काजळी, चाळीस वर्षांची.

मित्रांनो, काळवंडलेल्या पातेल्याला कल्हई करता येते. मला नाही. धुरापुढे बसाल तेव्हा नाकातोंडाला फडकं बांधा, खिडकी उघडा. एवढं तरी जमेल ना?

काल हमीदने भाता गोणीतून काढला. फडकं रझियाने बांधलं, मागे दोन गाठी मारून. त्या मात्र त्याने बरोबर मोजल्या.