बाहेरून बसवलेली कडी

मी एक कडी आहे. संडासाच्या दाराची. चारचौघांत माझं नाव कुणी काढत नाही, म्हणून आज मीच बोलते.

लोखंडाची सळई कापून, टोक वाकवून मला घडवलं. मग हार्डवेअरच्या दुकानात मी कितीतरी महिने टांगलेली होते. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचा, "ही घ्या, आतून घट्ट बसते." ते ऐकून मला बरं वाटायचं. आत माणूस एकटा असणार आणि माझ्या भरवशावर निवांत बसणार, एवढं मला कळलं होतं.

मला विकत घेतलं ते कपडे शिवायच्या कारखान्यासाठी. तिथे बत्तीस बायका आणि एक संडास. पुरुष मंडळी मागच्या भिंतीवर भागवत. संडास एका अरुंद बोळात होता आणि त्याचं दार बाहेर उघडायचं. त्याच बोळातून खोक्यांच्या ढकलगाड्या जायच्या.

मिस्त्रीने दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने खूण केली. तेवढ्यात सुपरवायझर आले. बायका त्यांना पाठीमागे 'घड्याळकाका' म्हणतात.

"मिस्त्री, आतून नको. बाहेरून बसवा."

"साहेब, संडासाला बाहेरून?"

"आतून लावून घेतात आणि गप्पा मारत बसतात. शिवाय दार गाड्यांना आडवं येतं."

"आत एकटी बाई गप्पा कुणाशी मारणार, साहेब?"

"तुम्ही कडी बसवायला आलात की शहाणपणा शिकवायला?"

मिस्त्रीने मला दाराच्या बाहेरच्या बाजूला धरलं. चार स्क्रू पिळले आणि मी कायमची बाहेर अडकले.

मग बायकांनीच दाराच्या आतल्या बाजूच्या खिळ्याला इलॅस्टिकचा एक तुकडा बांधला. एका हाताने तो ओढून धरायचा आणि बाकी सगळं दुसऱ्या हाताने. पण दार असं ओढलेलं असलं की बाहेरून वाटतं, आत कुणी नाही. गाडीवाला दादा जाता जाता मला सरकवतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं, हाताला सवय झालेली आहे. शिलाई मशीनच्या आवाजात आतली हाक त्याला ऐकू जात नाही. किती जणींना मी असं कोंडून ठेवलं असेल! माझं कामच उलटं झालं.

म्हणून त्या जोडीने यायला लागल्या. एक आत, एक दाराशी.

"आटप की गं, मला पण जायचंय!"

"अगं, तू ओरडलीस की जे येणार ते पण परत जातं!"

त्या हसायच्या तेव्हा मलाही हलकं वाटायचं. पण घड्याळकाकांनी ते पाहिलं आणि नियम काढला. एका वेळी एकच मशीन बंद.

त्या दिवसापासून काजवालीने पाणी सोडलं. शर्टाला काजं पाडणारी ही बाई दोनदा आत कोंडली गेली होती. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा, आणि मग संध्याकाळपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही. महिन्याभरात तिला जळजळ सुरू झाली, मग ताप आला. बटणवाली तिची जिवाभावाची मैत्रीण. तीच तिला ओढून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई रागावल्या. "पाणी प्या, लघवी दाबून ठेवू नका. नाहीतर किडनीवर जाईल."

काजवाली माझ्यासमोरच घड्याळकाकांशी बोलली. मान खाली, आवाज बारीक.

"साहेब, कडी तेवढी आत लावून द्या ना. डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलंय."

"मग प्या की! मी कुठे पाणी बंद केलंय?"

तिने दोन क्षण माझ्याकडे पाहिलं आणि मशीनवर गेली.

आज ती पाणी प्यायली. डबा खाताना बटणवालीने समोर बसून अख्खी बाटली संपवायला लावली. तासाभराने ती उठली. बटणवालीही उठली, पण घड्याळकाका म्हणाले, "एकच." ती एकटी आली. इलॅस्टिक ओढल्याचा आवाज मी ऐकला. मागून गाडी आली. दादाने तोंडातलं गाणं न थांबवता मला सरकवलं आणि तो पुढे गेला.

आता ती आतून दार वाजवतेय. आधी हलकेच वाजवत होती, आता मुठीने. "दादा! अहो, कुणीतरी उघडा!" आत खिडकी नाही. तिचा श्वास फळीला लागतोय, तो मला जाणवतो. मी लोखंडाची, माझं मला हलता येत नाही.

तुमच्या कारखान्यात, शाळेत, वस्तीत असं एखादं दार असेल तर एवढं करा. चार स्क्रू काढा आणि कडी आतल्या बाजूला बसवा. स्वतःला कोंडून घ्यायचा हक्क आतल्या माणसाचा आहे, बाहेरच्याचा नाही.

पण ते नंतर करा. आधी मला सरकवा, ती आत आहे.