मिस्त्रींचा न चालणारा कॉम्प्युटर

मिस्त्रींनी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग अंगठा रोवून, जोर लावून दाबलं. लिफ्टचं बटण असं दाबणाऱ्या लोकांवर लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीत मिस्त्री चौतीस वर्षं खेकसत आले होते, पण स्वतःवर वेळ आली की माणूस सगळं विसरतो. टेबलावरच्या काळ्या कॅबिनेटमधला एक पंखासुद्धा हलला नाही. शेजारचा मॉनिटर मात्र उजळला होता आणि त्यावर 'सिग्नल नाही' ही अक्षरं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होती.

"म्हणजे हे चालू झालं म्हणायचं का?" मास्तरांनी विचारलं. मास्तर म्हणजे समोरच्या दारात राहणारे निवृत्त हेडमास्तर. ते उद्घाटनाला खास इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि पहिल्या रांगेत, म्हणजे मिस्त्रींच्या पलंगावर बसले होते. मास्तरांनी चहा संपवला, "होईल, होईल," म्हणाले आणि नापास मुलाच्या बापाकडे बघावं तसं बघून निघून गेले.

आता कुणीही विचारेल, की ज्या माणसानं जन्मात पत्त्यांचा डाव मांडला नाही, त्याला सहासष्टाव्या वर्षी गेम खेळायचा कॉम्प्युटर हवाय कशाला? तर लेकीसाठी. लेक लांबच्या देशात, तिथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला. एकुलती एक.

बायको होती तोवर फोन हे तिचं खातं होतं. दर रविवारी मायलेकी तासभर बोलायच्या. हसायच्या काय, कुजबुजायच्या काय. मिस्त्री पेपर धरून बसायचे आणि अर्धंच संभाषण ऐकत राहायचे. शेवटी बायको फोन पुढे करायची, "घ्या, बोला." मग मिस्त्री विचारायचे, "बरी आहेस ना?" लेक म्हणायची, "हो बाबा. तुम्ही?" "मी बरा." झालं, फोन परत बायकोकडे. अशी कितीतरी वर्षं सुखात गेली. मग चार वर्षांपूर्वी बायको गेली. लेक बारा दिवस येऊन राहिली आणि परतली. फोन मिस्त्रींच्या हातात आला, आणि त्याच्याबरोबर आली ती तेवढीच दोन वाक्यं.

मिस्त्री काही कोरडे नव्हते. आठवडाभर ते लेकीला सांगायच्या गोष्टी साठवायचे. आज जिन्यात मांजरीनं पिल्लं घातली, मास्तर दुसऱ्याचाच चष्मा लावून घरी आले, असं काहीबाही. पण रविवारी फोन कानाला लागला, की डोक्याची पाटी कोरी. दोन मिनिटांत दोघंही "बरं मग" वर यायची.

अशाच एका रविवारी लेक म्हणाली, की तिला निघायला हवं, गेममध्ये तिची मित्रमंडळी थांबलीत. मिस्त्रींनी सहज विचारलं, कसला गेम? तर ती म्हणाली, मोठं जंगल आहे, नदी आहे, गावं आहेत, आपापल्या घरी बसून सगळ्यांनी त्यात हिंडायचं. तासन् तास. मग बोलता काय एवढं, असं त्यांनी विचारलं.

"काही नाही हो बाबा," लेक म्हणाली. "नुसतं बरोबर चालायचं."

हे वाक्य मिस्त्रींच्या मनात घर करून बसलं. नुसतं बरोबर चालणं त्यांना जमत होतं. लेक लहान होती तेव्हा सहा वर्षं ते तिला शाळेत सोडायला जायचे. वाटेत कुणीच फारसं बोलायचं नाही, आणि कुणाची त्याबद्दल तक्रार नव्हती.

पुढच्या रविवारी त्यांनी तिला विचारून टाकलं, की असा कॉम्प्युटर कुठे मिळतो. मी माझा स्वतः जोडलाय, असं ती म्हणाल्यावर प्रश्नच मिटला. लेकीनं जोडायचा आणि बापानं तयार आणायचा, म्हणजे चौतीस वर्षं पान्हा हातात धरला तो कशासाठी? तिनं सुट्या भागांची यादी पाठवली. दुकानदारानं यादी वाचून "नातवाला का, काका?" म्हणून विचारलं. मिस्त्री म्हणाले, "नाही, मला." दुकानदारानं यादी पुन्हा एकदा वाचली आणि तिथून पुढे त्यांना काकाऐवजी सर म्हणायला लागला.

मागच्या खोलीत धुतलेली चादर अंथरून मिस्त्रींनी सगळे भाग ओळीनं मांडले. भिंग घेऊन पुस्तिका वाचली. प्रोसेसर जागेवर बसवताना श्वास धरला. तो तापू नये म्हणून त्यावर वाटाण्याएवढीच पेस्ट लावायची असते, हे मात्र त्यांच्या पचनी पडेना. लिफ्टच्या दोरांना ओंजळीनं ग्रीस फासलेला माणूस तो. पण लावली वाटाण्याएवढीच. रॅम बसवली, ग्राफिक कार्ड बसवलं, वायरी अशा बांधल्या की बघणाऱ्यानं बघत राहावं. तीन दिवस लागले. आणि आता हे असं.

मिस्त्रींनी लेकीला फोन लावला. आडवारी, तोही आपणहून केलेला त्यांचा हा पहिलाच फोन. त्यांच्याकडे दुपारचा एक वाजला होता, तिच्याकडे सकाळ. तिनं घाबरून काय झालं विचारलं. काय झालं ते कळल्यावर खो खो हसली आणि म्हणाली, कॅमेरा चालू करा, दाखवा मला. मग कामावर निघेपर्यंत, चांगली चाळीस मिनिटं, ती एकेक जोडणी बघत राहिली. ही वायर काढा, परत लावा. रॅमची ती पट्टी दाबा. क्लिक आवाज आला का? नाही आला? मग अजून दाबा, घाबरू नका.

दुसऱ्या दिवशी तिनंच फोन केला. तिसऱ्या दिवशीही. मिस्त्री स्क्रू काढत असायचे आणि लेक तिकडे चहा करत असायची. हात गुंतलेले असले की जीभ सुटते म्हणतात ते काही उगाच नाही. तिनं सांगितलं, की तिचा गुडघा दुखतो, पण कुणाला सांगितलं नाही. आईसारखा चहा तिला अजून जमत नाही. पुढच्या महिन्यात तिची परीक्षा आहे, दोन वर्षं ती त्यासाठी मरमर अभ्यास करतेय, पास झाली तर नोकरी कायम होईल. मिस्त्रींनी मांजरीचं सांगितलं, मास्तरांच्या चष्म्याचं सांगितलं. कॉम्प्युटर ढिम्म होता. पण मिस्त्री तीन दिवसांत जेवढं बोलले, तेवढं चार वर्षांत बोलले नव्हते.

सोमवारी त्यांनी कपडे भिजवायला काढले. कॉम्प्युटर जोडायला बसताना त्यांनी सवयीनं कामावरचा जुना खाकी शर्ट घातला होता. त्याच्या खिशात काहीतरी जड लागलं. हात घातला, तर चिनी मातीचा पांढरा फ्यूज. मागच्या खोलीच्या सॉकेटचा.

मिस्त्री मोरीच्या कट्ट्यावर बसले. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा, म्हणजे आपण खाली असताना वर कुणी चुकूनही वीज चालू करू शकत नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वस्तादांनी कानफटात मारून शिकवलेली ही गोष्ट. चौतीस वर्षांत त्यांनी ती एकदाही चुकवली नव्हती. जोडणीला बसायच्या आधी हात आपोआप फ्यूजच्या फळीकडे गेला असणार आणि फ्यूज खिशात आला असणार. मॉनिटरची वायर दिव्याच्या बोर्डावर, ती लाइन वेगळी. मॉनिटरवर अक्षरं दिसली म्हणजे खोलीत वीज आहे, असं मिस्त्री धरून चालले. आधी वीज येतेय का बघ, हे त्यांनी किती पोरांना शिकवलं असेल याची गणतीच नाही.

आता खरं तर उठून फ्यूज लावायचा होता. दोन पावलांवर फळी. मिस्त्री उठलेसुद्धा. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, मला काल झोपताना सुचलं," लेक म्हणाली. "आपण पॉवर सप्लायची मोठी वायर बघितलीच नाही. बघू या?"

मिस्त्रींनी फ्यूज लेंग्याच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "बघू या."

पुढे ते रोज खोटं बोलले. मंगळवारी मदरबोर्ड अख्खा बाहेर काढून परत बसवला. बुधवारी लेकीनं सांगितलं म्हणून एकेक पंखा सुटा करून पाहिला. ती बिचारी कामावरून दमून यायची, आणि अभ्यास सोडून कुठेकुठे वाचून नवे उपाय घेऊन यायची. मिस्त्रींना लाज वाटत होती. चांगलीच वाटत होती. पण एक वाजायला आला की ते दाढी करून, केस विंचरून फोनपाशी बसायचे. मास्तरांनी विचारलंच, की यंत्र बंद आणि तुमचा चेहरा एवढा उजळलेला, हे गणित काय आहे? मिस्त्री म्हणाले, दुरुस्ती चालू आहे.

शुक्रवारी लेकीनं फोन केला तो वेगळ्याच सुरात.

"बाबा, मी ठरवलं. मी येते. तीन आठवडे सुट्टी टाकते, आपण दोघं मिळून हा कॉम्प्युटर चालू करू. चार वर्षं झाली ना मला येऊन."

दार उघडल्यावर ती बॅग घेऊन उभी आहे, हे चित्र मिस्त्री चार वर्षं बघत होते. तिची खोली झाडायला हवी, एवढंही क्षणात मनात येऊन गेलं.

"आणि परीक्षा?" त्यांनी विचारलं.

"परीक्षा काय, पुढच्या वर्षी देईन. संध्याकाळी तिकीट काढते."

मिस्त्री म्हणाले, "थांब जरा. फोन ठेवू नकोस."

ते फळीपाशी गेले. लेंग्याच्या खिशातून फ्यूज काढला आणि जागेवर बसवला. परत येऊन त्यांनी बटण दाबलं. पंखे फिरले. आतले दिवे लागले, निळे, मग हिरवे. मॉनिटरवर चित्र आलं. त्यांनी कॅमेरा तिकडे वळवला.

लेक तिकडे आनंदानं ओरडली. काय केलंत, कुठे होता फॉल्ट, म्हणून विचारत राहिली.

"फ्यूज काढलेला होता," मिस्त्री म्हणाले. "माझ्याच खिशात होता."

ती हसायला लागली. मग हसता हसता थांबली. "कधी कळलं तुम्हाला?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. मिस्त्रींच्या ओठांवर ते आलंही होतं.

"सोमवारी," ते म्हणाले.

फोनमधून तिच्या खोलीतल्या किटलीचा आवाज येत होता. कॉम्प्युटरचे पंखे छान, एका लयीत चालले होते. जोडणी चोख झाली होती, यात वादच नव्हता.

"बाबा," लेक म्हणाली, "नुसता फोनही करता आला असता ना."

"केला असता गं. पण बोललो काय असतो?"

ती रडतेय हे मिस्त्रींना कळत होतं आणि तिलाही यांचं कळत असावं. मग मिस्त्रींनी बापाच्या आवाजात बजावलं, की तिकीट काढायचं नाही, परीक्षा याच वर्षी द्यायची, आणि गुडघा डॉक्टरला दाखवायचा. ती हो म्हणाली. तिच्या आवाजात सुटकाही होती, आणि ती ऐकून मिस्त्रींना बरंही वाटलं आणि आत कुठेतरी तुटलंही.

रविवारी दोघं गेममध्ये भेटली. पडद्यावर लेकीच्या वतीनं चालणारा गडी उंच, चिलखत घातलेला. मिस्त्रींचा गडी अनवाणी, अंगात फाटकी बंडी. नव्या माणसाला तेवढंच मिळतं. पहिला अर्धा तास तो भिंतीवरच आपटत होता. लेक पुढे पळायची, थांबायची, मागे वळून बघायची. हळूहळू मिस्त्रींना चालणं जमलं. मग दोघं जंगलातून नदीपर्यंत गेली. कुणी फारसं बोललं नाही.

नदीकाठी लेक म्हणाली, की परीक्षा होईपर्यंत आता तिला गेम बंद. माणूस जिथे खेळ सोडतो, तिथेच पुढच्या वेळी परत उगवतो, हेही तिनं समजावलं. "येते बाबा," म्हणाली आणि तिचा गडी दिसेनासा झाला.

त्यानंतर मिस्त्री रोज दुपारी एक वाजता कॉम्प्युटर लावतात. त्यांचा अनवाणी गडी नदीकाठी उगवतो. ते त्याला तिथून हलवत नाहीत. बसायचं कसं ते त्यांनी शोधून काढलंय, म्हणून आता तो बसलेला असतो. रस्त्यानं घोडेस्वार जातात, टोळकी जातात, कधी समोरच मारामारी जुंपते.

परवा एक परका गडी जाता जाता त्यांच्यापुढे थांबला. त्यानं पडद्यावर खाली लिहून विचारलं, बराच वेळ इथेच दिसताय, वाट चुकलात का?

मिस्त्रींनी चष्मा लावला. एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी उत्तर लिहिलं. फार वेळ लागला, पण तो परका गडी थांबून राहिला होता.

"नाही. मुलगी यायची आहे."