रविवारचे झाकण

मित्रांनो, मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. बनारसमध्ये मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका गल्लीत, खिडकीशी माझी जागा आहे. देवयानीताईंच्या वडिलांची रेल्वेत इकडे बदली झाली, तेव्हा त्यांच्या आईने मला अहमदनगरहून सोबत आणले. आईनंतर मी ताईंच्या हाती आले. गल्लीतल्या कितीतरी मुलींचे पहिले परकर मी शिवले. या मशीनचा टाका उसवत नाही, असे लोक म्हणत, आणि ते ऐकून माझे चाक जरा हलके फिरे.

ताईंचे घर ख्रिस्ती. सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विसावा ही देवाची आज्ञा त्या मनापासून पाळत. शनिवारी संध्याकाळी मला पुसून तेल देत, वर लाकडी झाकण ठेवत, ते थेट सोमवारी उघडत. मलाही ते आवडायचे.

मग समोर ईशानीने दुकान थाटले. तिची मशीन विजेवरची, पांढरीशुभ्र, पोटात दिवा असलेली. ती रविवारीही भरधाव चाले. झाकणाखाली अंधारात तो आवाज ऐकून माझा जळफळाट होई. तिला दिवा, तिला गिऱ्हाईक आणि वर रविवारही तिलाच! लग्नसराईत आमची गिऱ्हाइके एकेक करून समोर वळली. ईशानी चिडवायची, "ताई, तुमची मशीन पण गिरजाघरात जाते का?" ताई म्हणत, "जात नाही, पण सुट्टी तिलाही आहे."

एका रविवारी ताईंची मुलगी संपदा दहा आज्ञा पाठ म्हणत होती. शेजाऱ्याचे घर, बैल, गाढव, कशाचाही लोभ धरू नको, या शेवटच्या आज्ञेपाशी ती अडली. "आई, गाढवाचं ठीक आहे. पण शेजाऱ्याची मशीन असली तर?"

"तीही त्यातच आली," ताई म्हणाल्या.

संपदा हसली. मला मात्र कोणीतरी आपल्यालाच बोलल्यासारखे वाटले. तरी माझी खोड जाईना. ती पांढरी एकदा बंद पडावी, एवढेच मी मनात घोकत राहिले.

आणि ती बंद पडली. पुढच्याच रविवारी दुपारी विजेचा दाब वाढला आणि तिची मोटर जळली. जळका वास खिडकीतून आला तशी मी झाकणाखाली हरखले. तेवढ्यात लाल ब्लाउज हातात घेऊन ईशानी आमच्या दारात आली.

"ताई, गंगेपलीकडे रामनगरहून बारात नावेत बसलीय. नवरीच्या बाह्या लावायच्या राहिल्यात." ती उंबऱ्याबाहेरच थांबली. आमचा रविवार तिला ठाऊक होता.

ताईंनी माझ्या झाकणाला हात घातला.

"आई, आज रविवार," संपदा म्हणाली.

"माहीत आहे गं. बैल विहिरीत पडला तर कुणी सोमवारची वाट बघत नाही. विसाव्याची आज्ञा देणारा देव शेजारणीला बुडू दे म्हणेल का? ये ईशानी, बस."

ईशानी बसली. मोटरची सवय, पायाचा अंदाज चुकला. चाक उलटे फिरले आणि दोरा तुटला. खरे सांगते, मला बरे वाटले. पुन्हा तुटू दे, असेही मनात आले. पण ताईंनी शांतपणे दोरा ओवला, हाताने माझे चाक पुढे ढकलले आणि म्हणाल्या, "पाय नुसता हलका ठेव. ती सांभाळून घेते."

ती सांभाळून घेते! हे ऐकल्यावर मी दोरा कसा तोडणार? सुईखाली त्या नवरीची बाही सरकत होती. मी एकेक टाका जपून घातला. पंचगंगा घाटाकडून शहनाई ऐकू आली, तेव्हा दुसरी बाही लागली होती.

निघताना ईशानी म्हणाली, "तुमच्या देवाला सांगा, ताई, आज मशीन मी चालवली."

"तो बघतच होता," ताई म्हणाल्या आणि त्यांनी झाकण परत ठेवले.

आता ती पांढरी दुरुस्त झाली आहे. आज रविवार, ती चालते आहे आणि मी बंद आहे. हेवा पार गेला असे म्हणणार नाही. तो गंजासारखा असतो, पुसला तरी पुन्हा धरतो. म्हणून मित्रांनो, घरातल्या जुन्या मशीनला तेल देत जा, आणि मनालाही. समोरची मशीन थोडी अडखळली, तर आता माझाच जीव खालीवर होतो.