उरलेली डावी बाजू

शिडीवरून पडून उस्तादांच्या डोक्याला मार बसला. जीव वाचला, पण मेंदूनं डाव्या बाजूशी कट्टी घेतली. डोळे ठणठणीत, तरी ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची आणि वर हे बायकोवर डाफरायचे, "भाजी केलीच नाहीस का आज?"

उस्तादांचा उभा जन्म लोकांचे केस कापण्यात गेलेला. आता दुकान धाकटा भाऊ बघत होता. उस्तादांची खुर्ची दुसऱ्या कारागिराला द्यायची की राखायची, हे तो उस्ताद दाखल होते त्या उपचार केंद्रातल्या मंडळींना विचारून ठरवणार होता. त्या खुर्चीपायी उस्तादांचा जीव टांगणीला लागला होता.

मंडळींचं मात्र संगनमत झालेलं. डॉक्टरबाई, नर्स, फिजिओ, सगळे बोलणार ते उस्तादांच्या डावीकडूनच. ताटाला, पलंगाला डावीकडे लाल पट्टी चिकटवलेली. "लाल दिसेपर्यंत मान वळवायची," थेरपिस्टताई घोकून घ्यायच्या. उस्ताद चिडायचे. "एकालाही समोर येऊन बोलायची रीत नाही!"

एके सकाळी फिजिओनं स्वतःचं डोकं पुढे केलं. पोराचे केस दाट, आणि त्याचा त्याला भारी तोरा. उस्तादांनी कात्री चालवली, झोकात कापड झटकलं. "झालं! बघा कसं साहेबासारखं दिसतंय!"

उजवी बाजू खरंच झकास होती. डावीकडे रान तसंच माजलेलं.

बायको बोलणार तोच ताईंनी तिचा हात दाबला. "सांगून दिसलेलं टिकत नाही, वहिनी. त्यांचं त्यांना दिसू दे." फिजिओ "छान!" म्हणून उठला आणि तसाच कामाला लागला. बाहेर पडल्यावर बायकोनं हात जोडले, "अहो, निदान दुसऱ्याकडून तरी कापून घ्या!" तो म्हणाला, "उरलेलं उस्तादच कापतील."

आठवडाभर हा पठ्ठ्या तसाच हिंडला. बसमध्ये लोक हसले, घरी आईनं खरडपट्टी काढली. रोज तो उस्तादांच्या डाव्या हाताला उभा राहून व्यायाम घ्यायचा आणि उस्ताद नाकासमोर बघायचे.

भावाला काय कळवायचं हे ठरवायला मंडळींची बैठक होती, त्या दिवशी जेवताना उस्तादांनी मान वळवली. लाल पट्टी दिसली, भाजी दिसली. मान आणखी वळली आणि शेजारी त्यांच्याकडे तोंड करून बसलेला फिजिओ दिसला.

"अरे देवा! कुठल्या गाढवानं कापलंय हे?"

उस्तादांनी एकेकाचं तोंड पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"मीच ना? आणि तू लेका आठवडाभर असा हिंडलास? माझ्यासाठी? अरे, पोटचा पोर करणार नाही एवढं!" ते ढसाढसा रडले. बायकोनं पदर डोळ्यांना लावला आणि डाव्या बाजूनंच त्यांच्या हातात कात्री ठेवली.

या खेपेला उस्ताद मान वळवत, बोटांनी चाचपत, सावकाश कापत गेले. मग डॉक्टरबाईंनी भावाला तिथूनच फोन लावला. "खुर्ची कुणाला देऊ नका. थोडे दिवस हे इथल्यांचे केस कापतील, मग आम्ही दुकानात पाठवतो."

उस्तादांनी कापड झटकलं, डोळे पुसले आणि मान पार डावीकडे वळवली. तिथं नर्स, ताई, डॉक्टरबाई ओळीनं उभ्या होत्या.

"चला, पुढचं कोण?"